बीटल उघडताना: पत्र्यापासून इंजिनापर्यंत जुन्या फोक्सवॅगनची पुनर्बांधणी

बीटल घ्यायला गेलेला माणूस रंग बघतो, सीटवर बसून बघतो, मागून येणारी इंजिनाची ओळखीची फटफट ऐकतो आणि पैसे मोजतो. गाडीचं खरं वय मात्र दारांखालच्या दोन पोकळ पेट्यांत लपलेलं असतं. त्यांना हीटर चॅनेल म्हणतात. त्या शाबूत असतील तर बाकी सगळं दुरुस्त होतं. त्या सडलेल्या असतील आणि वरून नुकताच रंग मारलेला असेल, तर तो रंग खरवडूनच कामाला सुरुवात करावी लागते. त्यामुळे इथे पत्र्यावर आणि इंजिनावर जास्त लिहिलं आहे, सीटकव्हर आणि क्रोमवर जवळजवळ काहीच नाही.

बीटल २ कोटी १५ लाखांहून जास्त बनल्या. जर्मनीतलं उत्पादन १९७८ च्या जानेवारीत एम्डेनला थांबलं. शेवटची गाडी मेक्सिकोतल्या प्वेब्लाच्या कारखान्यातून ३० जुलै २००३ ला बाहेर पडली. म्हणून या गाडीचा जवळपास प्रत्येक भाग आजही नवा मिळतो. अडचणही तिथेच आहे. तोच भाग चार दर्जांत मिळतो आणि त्यातले दोन फक्त फोटोत बसतात. पुढचा मजकूर साठ-सत्तरच्या दशकांतल्या जर्मन बनावटीच्या टॉर्शन बारच्या, म्हणजे स्प्रिंगऐवजी पिळल्या जाणाऱ्या दांड्यांवर झुलणाऱ्या, गाड्यांसाठी आहे. १३०२ आणि १३०३ मॉडेलांचं पुढचं सस्पेन्शन मॅकफर्सन पद्धतीचं असल्याने तेवढा भाग त्यांना लागू नाही.

आधी गाडीची ओळख पटवा

चेसिस नंबर मागच्या सीटखाली, मधल्या बोगद्यावर ठोकलेला असतो. पुढच्या डिकीतल्या पट्टीवरही तोच नंबर हवा. ऑगस्ट १९६४ पासूनच्या नऊ आकडी नंबरात पहिले दोन आकडे मॉडेलचे आणि तिसरा वर्षाचा असतो. फोक्सवॅगनचं मॉडेल वर्ष ऑगस्टला सुरू होतं, हे विसरलं की निम्मे पार्ट चुकीचे येतात. सप्टेंबर १९६७ मध्ये बनलेली गाडी १९६८ चं मॉडेल आहे. तिचे बंपर, पेट्रोलचं झाकण आणि वायरिंग जून १९६७ च्या गाडीपेक्षा वेगळं आहे. पार्ट मागवताना कागदावरचं नोंदणी वर्ष सांगू नका, चेसिस नंबर सांगा.

इंजिनाचा नंबर डायनॅमोच्या स्टँडखाली, केसवर म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या कवचावर असतो आणि त्याची सुरुवात अक्षराने होते. डी म्हणजे १२०० सीसी, एफ म्हणजे ४० पीएसचं (अश्वशक्तीचं) १३००, एच म्हणजे १५००, एबी म्हणजे ४४ पीएसचं १३००, एडी म्हणजे ५० पीएसचं १६००. गाडी १९६६ ची आणि इंजिन एडी असेल तर मधे कधीतरी इंजिन बदललं आहे. चालवायला ते वाईट नाही, पण किंमत ठरवताना ते माहीत असलेलं बरं. मूळ रंगाचा कोड ‘एल’ने सुरू होतो, उदाहरणार्थ एल४१ काळा, एल८७ मोतिया पांढरा, एल४५६ रुबी लाल. स्टिकर गेलं असेल तर डॅशबोर्डच्या मागे किंवा पेट्रोलच्या टाकीखाली मूळ रंग हमखास सापडतो. वोल्फ्सबर्गमधलं फोक्सवॅगनचं संग्रहालय चेसिस नंबरावरून गाडीची जन्मनोंद काढून देतं. रंगाचा डबा उघडण्याआधी ती मागवून ठेवा.

गंज शोधायची पद्धत

एक लोहचुंबक, एक जुना स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च पुरे. चुंबक कागदात गुंडाळून दाराखालची पट्टी, मडगार्डच्या मागचा भाग आणि पुढच्या डिकीतला स्पेअर चाकाचा खड्डा यांवरून फिरवा. चुंबक सुटला तिथे पुट्टी आहे. मग मागची सीट उचला. बॅटरी उजवीकडे बसते आणि तिच्या ॲसिडने खालचा पत्रा खाल्लेला असतोच. प्रश्न फक्त किती, हा असतो. बॅटरीवरचं झाकण नसेल तर ते यादीत सगळ्यात वर लिहा. सीटच्या स्प्रिंगा बॅटरीच्या टोकांना टेकून गाड्या पेटलेल्या आहेत.

हीटर चॅनेलची खरी परीक्षा जॅकने होते. दार उघडा, बाजूच्या जॅक पॉइंटवर गाडी उचला आणि दार लावून बघा. सहज लागलं तर चॅनेलमध्ये अजून जीव आहे. दार खाली घासलं किंवा कडीपाशी वर-खाली झालं, तर बॉडी मधून वाकते आहे. जॅक पॉइंटच पत्र्यात घुसला, तर फ्लोअरचीही किंमत कळली.

गंजाची जागा हवामानावर अवलंबून असते. जर्मनीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तिथली गाडी खालून सडते. मुंबई, कोकण किंवा गोव्यातली गाडी खालून ठीक दिसते, पण काचेच्या रबरातून आत आलेलं पाणी मॅटखाली महिनोन् महिने बसून राहतं. म्हणून आपल्याकडची गाडी बघताना मॅट उचलल्याशिवाय काही बोलू नये. मागच्या काचेच्या खालचे कोपरे आणि मागच्या सीटमागची सामानाची जागाही तशीच तपासा.

बॉडी उचलणं

पेट्रोलची मुख्य नळी मधल्या बोगद्याच्या आतून जाते. बोगद्याजवळ ग्राइंडर किंवा वेल्डिंगची टॉर्च नेण्याआधी टाकी काढा, नळी दोन्ही टोकांनी मोकळी करा आणि हवेने पूर्ण फुंकून घ्या. याला अपवाद नाही.

मग स्टीअरिंगचा जोड, पुढच्या डाव्या चाकातून येणारी स्पीडोमीटरची केबल, ब्रेक ऑइलच्या डब्याची नळी, हीटरचे पाइप आणि मागे जाणारं वायरिंग सोडवा. प्रत्येक वायरला चिकटपट्टीवर नंबर लिहा. फोटो काढले तरी लिहाच, कारण सगळ्या फोटोंतल्या वायरी धुळीने एकाच रंगाच्या दिसतात. बॉडी फ्लोअरला कडेने ८ मिमीच्या बोल्टांनी धरलेली असते, तर पुढच्या ॲक्सलवर आणि मागे शॉकॲब्सॉर्बरपाशी जाड बोल्ट असतात. दोन-तीन दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल मारत राहा. चॅनेलच्या आतले आटे सडलेले असतील तर बोल्ट नुसता गरगर फिरतो. चॅनेल बदलायचाच असेल तर सरळ डोकं कापा. रिकामी बॉडी चार माणसं उचलतात.

पण उचलण्याआधी तिला आधार द्या. हीच पायरी घाईत गाळली जाते. २५ मिमीचा चौकोनी पाइप घेऊन दाराच्या पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत दोन्ही बाजूंनी आडवा जोडा. मग दोन्ही बाजूंच्या खांबांना जोडणारा फुलीचा आधार आतून द्या. पाइप दाराच्या रेषेच्या आत घ्या, म्हणजे दार लावून बघता येतं. आधाराशिवाय उचललेली सडकी बॉडी मधे चिमटते, आणि नवा चॅनेल त्या चिमटलेल्या मापातच कायमचा बसतो.

फ्लोअर

फ्लोअरचे दोन अर्धे असतात, मधे बोगदा. अर्धा निकामी असेल तर ठिगळ लावत बसू नका, पूर्ण बदला. बोगद्याच्या कडेचे मूळ स्पॉट वेल्ड ८ मिमीच्या स्पॉट वेल्ड ड्रिलने सोडवा. बोगद्याची कड शाबूत ठेवा, नवा पत्रा तिच्यावरच बसतो. नवा भाग निवडताना तो कोपऱ्यात धरून हलवा. हाताने लपकणारा पत्रा स्वस्त असेल, पण सीटची पट्टी त्यात टिकत नाही. सीटच्या पट्ट्यांची जागा कापण्याआधी बोगद्यापासून मोजून लिहून ठेवा. वेगवेगळ्या वर्षांच्या पट्ट्या वेगळ्या असतात आणि नव्या फ्लोअरवर त्या कधी कधी चुकीच्या जागी येतात.

नव्या पत्र्याच्या कडेला दर ४ ते ५ सेंमीवर ७ मिमीचं भोक पाडा, दोन्ही सांध्यांवर वेल्डिंग सोसणारा झिंक प्रायमर मारा आणि मिग वेल्डरने, ०.६ मिमीच्या तारेने प्लग वेल्ड करा. सलग वेल्ड मारत जाऊ नका. एक पुढे, एक मागे, एक मधे, असे टाके घेत जा, नाहीतर पत्रा उन्हात ठेवलेल्या पापडासारखा वळतो. पुढचं टोक, म्हणजे ॲक्सलचे बोल्ट जिथे बसतात तो फ्रेमचा भाग, खालून टोचून बघा. तिथला पत्रा पोकळ वाजला तर फ्लोअरचं बाकी काम थांबवून आधी तो बदला. सगळं स्टीअरिंग त्यावर टांगलेलं आहे.

बोगद्यावरच्या चेसिस नंबराला ग्राइंडर, वाळूचा मारा किंवा वेल्डिंग लागू देऊ नका. दुसऱ्या गाडीचा पूर्ण बोगदा आणून बसवणं हे फ्लोअर बदलणं नव्हे, गाडीची ओळख बदलणं आहे. त्याचे कायदेशीर परिणाम जर्मनीत आणि भारतात, दोन्हीकडे होतात.

हीटर चॅनेल

चॅनेलची तीन कामं आहेत. मागच्या हीट एक्स्चेंजरमधली गरम हवा तो पुढे काचेपर्यंत नेतो, बॉडी फ्लोअरला धरतो आणि दाराखालचा तुळईसारखा भार घेतो. आतून दमट हवा, बाहेरून चिखल, म्हणून तो आतून सडतो आणि बाहेरून रंगलेला राहतो.

चॅनेल नेहमी बॉडी दुरुस्त फ्लोअरवर बोल्टने बसवूनच बदला. फ्लोअर हाच साचा आहे. बॉडी आणि फ्लोअर यांच्यामधला रबरी गॅस्केट किंवा तेवढ्याच जाडीच्या पट्ट्या आत्ताच घाला. गॅस्केट नंतर घातला तर बॉडी त्या जाडीइतकी वर येते, आणि बारकाईने जुळवलेली दाराची फट शेवटच्या दिवशी बिघडते. दाराच्या बिजागऱ्यांच्या पिना ढिल्या असतील तर त्याही आधीच बदला. लोंबणाऱ्या दाराच्या मापाने चॅनेल बसवला तर चूक पत्र्यात गोठते.

एका वेळी एकच बाजू कापा. दुसरी बाजू सडकी असली तरी तोपर्यंत तिने आकार धरून ठेवलेला असतो. कापताना पुढच्या खांबाचं बूड, मागच्या सीटपाशी चाकाच्या कमानीला भिडणारा कोपरा आणि मधल्या खांबाचं बूड यांच्या कडा थोड्या जास्त ठेवून कापा, नंतर घासता येतं. नवा चॅनेल आत सरकवा, फ्लोअरला सगळे बोल्ट हाताने लावा आणि मगच आवळा. आता फक्त टाके घ्या: पुढे दोन, मागे दोन, मधल्या खांबाला एक. दार लावा. फट वरपासून खालपर्यंत सारखी, ४ ते ५ मिमीच्या आसपास हवी. खाली फट जास्त असेल तर मधला भाग खाली बसला आहे. टाके तोडा, आधाराच्या पाइपाखाली जॅक देऊन वर घ्या, पुन्हा टाके घ्या. हे तीन-चारदा करावं लागलं तर त्यात काही वावगं नाही. दार एका बोटाने लागल्याशिवाय पूर्ण वेल्ड करू नका.

बंद करण्याआधी आतून इपॉक्सी प्रायमर लांब नळीच्या नोझलने मारा आणि पूर्ण वाळू द्या. बाकीच्या पोकळ्यांत मेणाचं गंजरोधक चालतं, पण गरम हवा जाते त्या पोकळीत ते मारू नका. पहिल्या थंडीत हीटर लावला की सगळ्या गाडीभर त्याचा वास सुटतो आणि वर्षभर जात नाही.

रंग, थोडक्यात

बीटलचे चारही मडगार्ड बोल्टचे आहेत. ते गाडीवर ठेवून रंगवणारा माणूस घाईत आहे, असं समजा. मडगार्ड, बोनेट, डिकीचं झाकण आणि दारं वेगळी रंगवा. मडगार्ड आणि बॉडीच्या मधली पट्टी रंग वाळल्यावरच घाला. पण रंगाआधी एकदा सगळी गाडी कोरड्यानेच जोडून बघा: मडगार्ड, बंपर, फूटबोर्ड, दिवे, सगळं. नव्या मडगार्डची भोकं हमखास जुळत नाहीत आणि ती गोल कानशीने वाढवायची वेळ रंगाआधीच यायला हवी.

उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी, त्यावर पुट्टी, मग फिलर प्रायमर. पुट्टी ही पत्रा ठोकून झाल्यावर उरलेल्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरसाठी असते. दोन घटकांचे आधुनिक रंग फवारताना कापडी मास्क काही कामाचा नाही. त्यांतल्या आयसोसायनेट या विषारी घटकासाठी बाहेरून हवा देणारा मास्क लागतो.

पुढचा ॲक्सल, ब्रेक आणि मागची मोठी नटं

ऑगस्ट १९६५ पर्यंतच्या गाड्यांना किंगपिनचा ॲक्सल आहे, नंतरच्यांना बॉल जॉइंटचा. दोन्हींमध्ये ग्रीस भरताना पुढची चाकं हवेत हवीत. गाडी जमिनीवर असताना भरलेलं ग्रीस भार असलेल्या बाजूला पोचतच नाही, आणि ट्यूबमधल्या नीडल बेअरिंगा एका बाजूने झिजतात.

ब्रेकचे चारही रबरी होज, सगळे व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर नवे. जुना होज बाहेरून ठीक दिसतो, पण आतून फुगून व्हॉल्व्हसारखा वागतो. दाब जातो, परत येत नाही, चाक गरम होतं, आणि लोक ड्रम बदलत बसतात. मास्टर सिलिंडरच्या रॉडला १ मिमी मोकळीक ठेवा, म्हणजे पेडलला ५ ते ७ मिमी मिळते. ती नसेल तर काही किलोमीटरनंतर ब्रेक आपोआप आवळत जातात. क्लचच्या पेडलला १० ते २० मिमी.

मागच्या चाकांची ३६ मिमीची नटं सुमारे ३०० न्यूटन मीटरला आवळायची. सोडवताना आणि आवळताना चाक जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, पुढच्या चाकांना ठोकळे. कॉटर पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढे फिरवा, मागे कधीच नाही. ढिल्या नटाने ड्रमचे आतले दाते काही शे किलोमीटरमध्ये खाल्ले जातात. मग चाक सरकतं आणि ब्रेक एका बाजूला ओढतो.

इंजिन

चार बोल्ट, पेट्रोलचा होज, ॲक्सिलरेटरची केबल, हीटरच्या दोन केबली आणि थोड्या वायरी सोडल्या की साधारण ११० किलोचं इंजिन मागे सरकून खाली येतं. सिलिंडरांची ओळख पाठ असू द्या: गाडीच्या पुढच्या दिशेने उजवीकडे पुढचा १, मागचा २, डावीकडे पुढचा ३, मागचा ४. फायरिंग ऑर्डर १-४-३-२.

केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे. ती हलकी आहे, पण दोन जागी दमते. एक, सिलिंडर हेड धरणारे स्टड केसमधले आटे ओढून बाहेर येतात. तिथे स्टीलचे थ्रेड इन्सर्ट घाला. दुसरी जागा क्रँकच्या मधल्या बेअरिंगची. वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी ती गोल राहत नाही. दोन्ही अर्धे आवळून आतला व्यास उभा-आडवा मोजा. फरक दिसला तर केस लाइन बोअर करून, म्हणजे बेअरिंगांच्या जागा एका रेषेत पुन्हा कोरून, मोठ्या मापाच्या बेअरिंगा घाला. नुसत्या नव्या बेअरिंगा घालून ऑइलचं प्रेशर परत येत नाही, कारण बेअरिंगच केसमध्ये हलत असतं.

हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीटांपासून प्लगच्या भोकाकडे जाणारी भेग बघा. जुने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह घासून पुन्हा वापरू नका, विशेषतः तिसऱ्या सिलिंडरचा. जुन्या रचनेत ऑइल कूलर त्याच सिलिंडरच्या हवेच्या वाटेत उभा असतो, त्यामुळे तो बाकीच्यांपेक्षा गरम चालतो. व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनमध्ये घुसलं की इंजिनाचं सगळं काम पुन्हा करायचं. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूच्या वेगळ्या पेटीत गेला. जुन्या इंजिनावर ती पेटी, पंखा आणि आवरण मिळून पूर्ण संच बसवता येतो. दिसायला तो मूळ नसतो, पण चालवायच्या गाडीला फायद्याचा आहे.

जुळणी करताना: पिस्टनवरचा बाण फ्लायव्हीलकडे. चारही पिस्टनांच्या वजनात ५ ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको, वजनकाटा स्वयंपाकघरातला चालेल. क्रँकच्या गिअरवरच्या दोन ठिपक्यांच्या मधे कॅमच्या गिअरचा एक ठिपका. प्रत्येक मेन बेअरिंग केसमधल्या डॉवेल पिनवर बसलं आहे ना, हे आधी बाहेरून खूण करून तपासा. पिनवर न बसलेलं बेअरिंग केस आवळताना चिरडतं. दोन अर्ध्यांच्या मधे गॅस्केट नसतो. न कडकणाऱ्या सीलंटचा पातळ थर पुरे. केसचे सहा मोठे नट ३४ न्यूटन मीटर, ८ मिमीचे २०. प्रत्येक फेरीनंतर क्रँक हाताने फिरवा. अडला तर तिथेच थांबा आणि उघडा. पुढच्या फेरीत तो सुटत नाही. कनेक्टिंग रॉडचे नट ३२. हेडचे नट आधी हलके १० ला, मग १० मिमीच्या स्टडला ३१ आणि नंतरच्या ८ मिमीच्या स्टडला २५. पुशरॉडच्या नळ्या बसवण्याआधी हलक्या हाताने ओढून १९० ते १९१ मिमी लांब करा आणि त्यांचा सांधा वर ठेवा. १२०० च्या ३४ पीएस इंजिनाच्या नळ्या आखूड असतात, त्यांना हे माप लावू नका.

आता क्रँकचा एंड प्ले, म्हणजे त्याची पुढे-मागे सरकायची मोकळीक. सबंध इंजिनात यापेक्षा महत्त्वाचं माप नाही, आणि याहून जास्त वेळा टाळलं जाणारंही नाही. क्लच दाबला की क्रँक मागे ढकलला जातो आणि तो धक्का पहिल्या मेन बेअरिंगची कड झेलते. मोकळीक ०.०७ ते ०.१३ मिमी हवी, ०.१५ ही मर्यादा. सीलच्या आत तीन पातळ वायसर येतात. मोजायला आधी सील न लावता दोनच वायसर घालून फ्लायव्हील आवळा, डायल गेज लावा आणि क्रँक पुढे-मागे ढकला. समजा काटा ०.४४ दाखवतो. त्यातून ०.१० वजा करा. तिसरा वायसर ०.३४ चा. वायसर ०.२४, ०.३०, ०.३२, ०.३४, ०.३६ अशा जाड्यांत मिळतात. तीनच घाला. जाड दोन किंवा पातळ चार घालून बेरीज जुळते, पण वायसर एकमेकांवर फिरायला हवेत आणि ते तिघांतच नीट होतं. शेवटी सील आणि ओ-रिंग घालून मधला नट सुमारे ३०० न्यूटन मीटरला. तो कमी आवळला तर फ्लायव्हीलच्या पिना भोकं लंबगोल करतात.

खालच्या ऑइलच्या जाळीच्या प्लेटचे छोटे नट मात्र फक्त ७ न्यूटन मीटर. गळती बघून लोक ते आणखी आवळतात, प्लेट वाकते आणि गळती वाढते.

पंख्याची हवा

बीटलचं इंजिन हवेने थंड होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यासाठी लागणारे पत्रे मात्र दुरुस्तीत सर्रास फेकले जातात. सिलिंडरांच्या खाली, पुशरॉडच्या नळ्यांपाशी हवा वळवणारे दोन छोटे पत्रे असतात. ते नसले तर हवा सिलिंडरला न चाटता सरळ खाली निघून जाते. इंजिनाभोवतीचा रबराचा पट्टा नसेल तर खालची तापलेली हवा पंखा पुन्हा आत ओढतो. प्लगच्या वायरीभोवतीची रबरी टोपणं, मागचा आडवा पत्रा, पुढचा पत्रा, सगळं परत बसलं पाहिजे. यातलं काहीही गहाळ असताना मोठा ऑइल कूलर लावणं म्हणजे फुटक्या माठाखाली मोठी घागर ठेवणं.

आवरणातल्या झडपा थर्मोस्टॅट चालवतो. तो ६५ ते ७० अंशांना पूर्ण उघडतो. उष्ण प्रदेशात तो काढून टाकायची पद्धत आहे. काढलात तर झडपा उघड्या अवस्थेत पक्क्या बांधलेल्या आहेत, हे बघा. बंद अवस्थेत अडकलेली झडप इंजिन मारते. कूलरच्या फटींत आणि हेडच्या पंखांमध्ये उंदरांची घरटी आणि जुन्या चिंध्या सापडतात, त्यामुळे आवरण बसवण्याआधी टॉर्च मारून आत बघा. पंख्याच्या पट्ट्याचा ताण पुलीच्या दोन अर्ध्यांमधले वायसर कमी-जास्त करून ठरतो. अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण १५ मिमी दबला पाहिजे. उरलेले वायसर फेकू नका, पुलीच्या बाहेरच्या बाजूला नटाखाली ठेवा.

पेट्रोल आणि वीज

बीटल पेटते ती बहुतेक पेट्रोलच्या होजमुळे. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या कापडी होजला आतून खातं. जर्मनीत ई१०, भारतात आता ई२०, म्हणून इथेनॉल सोसणारा होज, प्रत्येक टोकाला क्लिप आणि दर तीन-चार वर्षांनी बदल. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आत जाणारी पितळी नळी नुसती ठोकून बसवलेली असते. ती हाताने हलली तर आधी तिचं काम करा. पेट्रोलचा फिल्टर डिस्ट्रिब्युटरच्या वर लटकवू नका, इंजिनाच्या जागेबाहेर, गिअरबॉक्सपाशी घ्या. आणि मॅग्नेशियमची केस पेटली तर पाणी ओतू नका, आग वाढते.

१९६७ च्या उन्हाळ्यानंतर बहुतेक गाड्या १२ व्होल्टच्या आहेत. ६ व्होल्टची गाडी मंद स्टार्ट होत असेल तर आधी बॅटरीची अर्थ पट्टी, गिअरबॉक्सची अर्थ पट्टी आणि गिअरबॉक्सच्या केसमधला स्टार्टरचा छोटा बुश बदला. बारा व्होल्टचं रूपांतर करायचंच असेल तर फ्लायव्हीलचे दात मोजा. जुन्याला १०९, नव्याला १३०. नवा स्टार्टर जुन्या फ्लायव्हीलशी जुळत नाही.

पहिल्यांदा चालू करताना

ऑइल अडीच लिटर. प्लग काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर फिरवा. टॅपेट थंड इंजिनावर ०.१५ मिमी, पॉइंटचं अंतर ०.४ मिमी, प्लगचं ०.६ ते ०.७. टायमिंग डिस्ट्रिब्युटरवर कोरलेल्या नंबरानुसार ठेवा, इंजिनाच्या आकारावरून नाही. गेल्या पन्नास वर्षांत डिस्ट्रिब्युटर कोणीतरी बदललेला असण्याची शक्यता दांडगी आहे. कॅम आणि लिफ्टर नवे असतील तर सुरू झाल्या झाल्या आयडलला सोडू नका. २००० आरपीएमला वीस मिनिटं चालवा. गरम इंजिनावर २५०० आरपीएमला ऑइलचं प्रेशर पावणेतीन-तीन बारच्या आसपास हवं, २ च्या खाली गेलं तर उघडून बघा. ५०० किलोमीटरला ऑइल बदला, जाळी धुवा, टॅपेट पुन्हा लावा आणि मागची ३६ मिमीची नटं तपासा.

कागदपत्रं

जर्मनीत ३० वर्षांहून जुन्या, मूळ स्थितीतल्या गाडीला १९९७ पासून ‘एच’ची नंबरप्लेट मिळते, तपासनीस त्या काळाशी न जुळणारे बदल बघतो. भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली बिगर-व्यावसायिक गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ येतं, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,००० आणि मुदत १० वर्षं. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झाले असतील तर अडचण येते. म्हणून फ्लोअर आणि चॅनेल बदलताना जुना भाग, नवा भाग आणि न हललेला चेसिस नंबर एकाच फोटोत घ्या.

टायर शेवटी. मूळ मापाच्या टायरांना पुढे १६ आणि मागे २४ पीएसआय, कारण जास्त वजन मागे आहे. पेट्रोल पंपावरचा मुलगा सवयीने चारही चाकांत ३२ भरायला निघेल, त्याला आधीच सांगा.